तीनशे वीस घरं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

निलम आजपासून शेडवर यायला लागली. वय सव्वीस, तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, कॉम्प्युटर इंजिनिअर. तिला आणलं कुणी, तर माझ्याच बायकोने. श्रुतिका तलासरीला जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती तेव्हा ही पाचवी ते सातवी तिच्या वर्गात. मागच्या महिन्यात डहाणूच्या बाजारात भेटली, काम शोधतेय म्हणाली, आणि श्रुतिकाने तिथूनच अमृतभाईंना फोन लावला. मला घरी आल्यावर कळलं, तेही भाजी निवडता निवडता.

शेड अमृतभाईंची, चिकू त्यांचे, पण मशीन माझं. माझं म्हणजे मी उभं केलेलं. पट्ट्यावरून चार रांगांत चिकू येतात. वरून कॅमेरा त्यांचे फोटो काढतो. माझा प्रोग्राम ठरवतो की तयार कोण आणि कोवळा कोण, आणि कोवळा असेल त्याला रांगेच्या टोकाची झडप खाली ढकलते. तयार माल दिल्लीला जातो. पेटीत कोवळं फळ गेलं तर ते पिकतच नाही, रबरासारखं होऊन बसतं, आणि मग तिकडचा व्यापारी अमृतभाईंना फोनवर सोलतो. तीन हंगाम हे मशीन मी एकट्याने चालवलं.

दिवाळीत मशीनच्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळला. नव्या बोर्डावर कॅमेऱ्याचा जुना ड्रायव्हर चालत नाही. ड्रायव्हर म्हणजे कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषी. तो नव्याने लिहायला निलमला घेतलंय. मलाही जमलं असतं. दोन महिने मी त्याच्याच मागे होतो, पण भाईंना धीर नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

चार दिवसांत या मुलीने मला इतके प्रश्न विचारलेत की वकिलाने साक्षीदाराला विचारले नसतील. सर, हा पट्टा किती वेगाने फिरतो. सर, झडपेला किती वेळ लागतो. सर, हे असंच का केलंत. त्या 'असंच का'मध्ये काय आहे ते न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. मी डिप्लोमा, ती डिग्री. उंबरगावच्या कारखान्यांत मी पंधरा वर्षं घासली तेव्हा ही श्रुतिकाच्या वर्गात पाढे म्हणत होती.

बोलताना वही पुढ्यात. मी बोललेलं सगळं लिहून घेते. पुढेमागे माझ्याविरुद्ध वापरायला असेल.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी निलम तिळगूळ द्यायला घरी आली. मला नमस्कार केला, 'सर, गोड बोला' म्हणाली. मी हसलो. मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या त्या दोन तास. श्रुतिका इतकी हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मी बाहेर पेपर वाचत होतो. एकच पान वाचत होतो.

ती गेल्यावर श्रुतिका म्हणाली, "ही सातवीत असताना फळ्यावरचं माझं उत्तर पुस्तकाशी जुळेना. अख्ख्या वर्गात हिने एकटीने हात वर केला. म्हणाली, बाई, तुमचं चुकलं नाही, पुस्तकातच चुकलंय."

"बरं मग?"

"बरं मग काय. कौतुक वाटतं."

माझ्या मशीनचं उद्घाटन झालं तेव्हा श्रुतिकाच्या शाळेत तपासणी होती. ती आली नव्हती. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, आज वाटलं.

शेडवरही तेच. निर्मलाताई तीस वर्षं चिकू निवडतायत, निवडणीच्या टेबलावरच्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. माझ्या मशीनला त्या 'डबडं' म्हणतात. पण निलमला शेजारी बसवून त्यांनी शिकवलं, फळाला नखाने इवलंसं खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर कोवळं, पिवळसर दिसलं तर तयार. मला तीन वर्षांत कुणी बसवलं नाही. मी बसलो नाही हेही खरं, पण बोलावलंही नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

आजचं सगळं नीट लिहितो.

दुपारी निलम माझ्या टेबलाशी आली. चेहरा असा उजळलेला, जणू बोर्डात पहिली आली. म्हणाली, "सर, सापडलं. जुन्या ड्रायव्हरमध्ये ऑफसेटच धरला नव्हता."

तिला जे आज सापडलं ते मला तीन वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. कॅमेरा फोटो पाठवतो तो मेमरीच्या एका ठरावीक तुकड्यात उतरतो, त्याला बफर म्हणतात. बफर म्हणजे एकापुढे एक घरं, आणि प्रत्येक घरात फोटोचा एक ठिपका. पण फोटो पहिल्या घरापासून सुरू होत नाही. पहिल्या तीनशे वीस घरांत कॅमेरा स्वतःची नोंद ठेवतो, किती वाजले, उजेड किती, असलं काही. फोटो त्यानंतर. सुरुवातीची किती घरं सोडायची, तो आकडा म्हणजे ऑफसेट.

जुना ड्रायव्हर ही घरं सोडतच नव्हता. फोटोची एक ओळ बाराशे ऐंशी घरांची, तिच्यात चिकूच्या चार रांगा, म्हणजे एका रांगेला बरोब्बर तीनशे वीस. त्यामुळे अख्खं चित्र नेमकं एक रांग सरकायचं. अर्धवट सरकलं असतं तर चिकू मधोमध कापलेले दिसले असते आणि शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण एक पूर्ण रांग सरकली की पडद्यावर चार सुबक रांगाच दिसतात. फक्त पहिल्या रांगेतल्या चिकूचा निकाल दुसऱ्या रांगेतल्या चिकूला लागतो. हे शोधायला मला चार दिवस लागले होते, जेवण गोड लागत नव्हतं. ड्रायव्हर बनवणाऱ्यांनी तो उघडून दिला नव्हता, म्हणून मी माझ्या प्रोग्राममध्येच सोय केली. तीनशे वीस घरं पुढे जाऊन मोजायला सुरुवात कर, एवढी एक ओळ. बाजूला टीप लिहिली नाही. कुणाला सांगितलंही नाही. सांगायला होतं कोण?

आता निलमने नव्या ड्रायव्हरमध्येच घरं सोडलीयत. योग्य जागा तीच. मान्य आहे.

मग तिने विचारलं, "पण सर, जुना ड्रायव्हर चुकीचा होता तर मशीन बरोबर कसं चालायचं? तुमच्या प्रोग्राममध्ये कुठे ऑफसेट धरलाय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मी एकदा प्रोग्राम बघू का?"

"त्याची गरज नाही."

प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर आहे आणि पासवर्ड मला एकट्याला माहीत आहे. ती 'बरं सर' म्हणून गेली. 'नाही' का म्हणालो, हे मघापासून स्वतःला विचारतोय. तोंडातून निघून गेलं. चार दिवस डोकं फोडून काढलेली गोष्ट हिने अशी चहा पिता पिता समोर ठेवावी, हे मला सोसवलं नाही. उद्या सांगून टाकू.

शनिवार, १८ जानेवारी

सांगितलं नाही. भाई दिवसभर तिच्याच टेबलापाशी होते. "बेटा, तूने तो कमाल कर दी." मला बेटा नका म्हणू, पण तीन वर्षांत एकदा कमाल तरी?

सोमवार, २० जानेवारी

आज चाचणी झाली. मशीन बाहेर विकायचा भाईंचा विचार आहे, म्हणून त्यांनी झाई गावच्या दोन बागायतदारांना बघायला बोलावलं होतं. निलम नवीन ड्रेस घालून आली होती.

पट्टा सुरू झाला. पडद्यावर चार सुबक रांगा. झडपा खटाखट चालल्या. बागायतदार माना डोलवत होते. तेवढ्यात निर्मलाताई दिल्लीच्या क्रेटपाशी गेल्या, एक चिकू उचलला, नखाने खरवडला. हिरवा. दुसरा, हिरवा. मग खाली ढकललेल्यांतला एक घेतला तर पिवळाधमक. त्यांनी तिन्ही फळं भाईंच्या हातावर ठेवली आणि टेबलाशी जाऊन बसल्या.

ड्रायव्हर तीनशे वीस घरं सोडतोय, आणि वर माझा प्रोग्राम आणखी तीनशे वीस सोडतोय. चित्र दुसऱ्या बाजूला एक रांग सरकलं. मला पहिल्या मिनिटाला कळलं. कळलं कसलं, मला शुक्रवारपासूनच माहीत होतं.

निलम पडद्याकडे बघत राहिली. "भाई, चित्र तर बरोबर आहे," एवढंच म्हणाली. एकाच रांगेत एकच चिकू सोडून बघितला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. तिला ते सुचलं असावं, कारण तिने क्रेटमधून एक चिकू उचलला. पण भाई ओरडले, "बस, हवे हाथ नहीं लगाड. आता मशीनला हात लावू नकोस." तिने चिकू परत ठेवला.

बागायतदारांपैकी एक हसत म्हणाला, "अमृतभाई, आमच्या बायका बऱ्या."

मला आनंद झाला. वाईटही वाटलं, पण आधी आनंद झाला. कुठे तरी लिहून ठेवावं म्हणून लिहितोय.

मंगळवार, २१ जानेवारी

भाईंनी निलमला सांगितलं की फोन येईपर्यंत घरीच राहा. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. जाताना तिने मला तिची वही दाखवली, पानच्या पानं आकडेमोड. "सर, मी तीनदा तपासलं. माझं कुठे चुकतंय ते दिसत नाही. तुम्हाला वेळ असेल तेव्हा बघाल?" मी वही घेतली.

घरी श्रुतिका नीट जेवली नाही. "मीच तिला पुढे केलं," म्हणाली. "पाड्यावर सगळ्यांना सांगून आली होती बिचारी. आता लोक काय म्हणतील? अहो, तुम्ही बघा ना जरा."

बघतो म्हटलं. तिच्यासाठी श्रुतिकाचा घास अडतो. मी उंबरगावची नोकरी सोडून घरी बसलो होतो तेव्हा अडला होता का, आठवायचा प्रयत्न केला. अडला असेल. मी बघितलं नसेल.

गुरुवार, २३ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. लॅपटॉप उघडला, ती एक ओळ काढून टाकली. दोन मिनिटंही लागली नाहीत. सुट्टीनंतर पट्टा चालवला तर सगळं जिथल्या तिथे.

भाईंनी मला मिठी मारली. फाफडा-जिलेबी मागवली. "देवेश, तू छे तो मशीन छे." तीन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आज मिळालं, आणि मी जिलेबी खात उभा राहिलो. सगळ्यांना सांगितलं की दोन दिवस डोकं खपवावं लागलं. निर्मलाताईंनी दहा चिकू खरवडले, दहाच्या दहा पिवळे निघाले. हात पुसत म्हणाल्या, "दोन दिवसांत तुमचा हात मशीनला लागलेला तर मी पाहिला नाही." बायका हसल्या.

शुक्रवार, २४ जानेवारी

काल घरी येऊन मी श्रुतिकाला सांगितलं होतं की दोष सापडला, ड्रायव्हरमध्ये एक आकडा चुकला होता. तिला इतकं बरं वाटलं की तिने लगेच निलमला फोन केला. पोरीला धीर द्यायचा म्हणून. मी आंघोळीला गेलो होतो.

आज चहा देताना श्रुतिका म्हणाली, "निलमने एकच विचारलं. सरांनी ड्रायव्हर बदलला की प्रोग्राम बदलला? मी म्हटलं मला काय कळतंय त्यातलं, विचारून सांगते. काय बदललं तुम्ही?"

मी म्हटलं, "प्रोग्राम."

"आणि मशीन सुरळीत झालं?"

"हो."

"मग तिच्या ड्रायव्हरमध्ये चूक कसली?"

ती शाळेत गणित शिकवते हे मी विसरलो होतो. मी चहा ढवळत राहिलो. ढवळायला साखर उरली नव्हती.

"तिने तुम्हाला आधी विचारलं होतं?" श्रुतिका म्हणाली.

मी कप उचलून ओट्यावर ठेवला. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसली. आज दिवसभर ती माझ्याशी बोललेली नाही.

शनिवार, २५ जानेवारी

भाईंना सगळं सांगितलं. केबिनचं दार लावून. आकडा माझाच होता, तिने विचारलं होतं, मी नाही म्हणालो.

भाईंनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं आता काढतील. ते म्हणाले, "मशीन चालू छे ने? मग झालं. झाईवाल्यांना मी पुन्हा बोलावलंय. ती मुलगी हुशार आहे, वापीला कुठेही लागेल. तू आपला माणूस. आ वात अहीं ज राखवानी. बाहेर नाही बोलायची."

एकदम सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरेपर्यंत वाटत होतं. खाली तिचं टेबल दिसलं. त्यावर कुणीतरी रिकामे क्रेट रचून ठेवले होते.

घरी श्रुतिकाला भाईंचं म्हणणं सांगितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ती बोलली. "भाईंनी तुम्हाला माफ केलं. पण त्यांचं तुम्ही काय बिघडवलं होतं?"

रविवार, २६ जानेवारी

श्रुतिका झेंडावंदनाला गेली. मी एसटीने तलासरीला गेलो, तिथून रिक्षाने पाड्यावर. निलमची वही बरोबर घेतली होती.

तिचे वडील लहान्या. दुसऱ्यांच्या चिकूच्या वाडीत झाडावर चढून फळं काढतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. अंगण नुकतंच शेणाने सारवलेलं होतं. मला पाहून ते गडबडीने उठले, घरातली एकुलती खुर्ची बाहेर आणली, आणि मी बसायच्या आत म्हणाले, "साहेब, पोरीकडनं चूक झाली. तुमचं मशीन बिघडलं. मनात धरू नका. तुम्ही शिकवता तिला, ती घरी सांगते."

मी म्हटलं, काय सांगते?

"तुम्ही एकट्यानं बांधलं म्हणून. येवढं मोठं, एकट्यानं. वहीत लिवून आणते ना तुमचं बोलणं. आमाला वाचून दाखवते."

निलम दारात उभी होती. तिने माझ्या हातातली वही पाहिली, पण घ्यायला पुढे आली नाही.

मग मी सांगायला सुरुवात केली. बफर सांगितला, घरं सांगितली, चार रांगा, ऑफसेट, जुना ड्रायव्हर, नवा ड्रायव्हर. माझं मलाच ऐकू येत होतं की मी लांबण लावतोय. लहान्या मान हलवत होते आणि काही कळत नसल्याने मधूनमधून मुलीकडे बघत होते. शेवटी मी थांबलो. निलम त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. एकच छोटं वाक्य. मला ती बोली नीट येत नाही, पण एवढं कळलं. 'मी विचारलं होतं, हे खोटं बोलले.'

लहान्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. चहाचा कप माझ्यासाठी बाहेर येत होता, त्यांनी हाताने खूण केली आणि तो दारातच थांबला.

निलम मला म्हणाली, "चाचणी झाली त्याच संध्याकाळी मला वाटलं होतं, सर. प्रोग्राममध्ये तीनशे वीस असणार. पण तुम्ही नाही म्हणाला होतात. म्हणून मी माझंच पुन्हा पुन्हा तपासत बसले. पाच दिवस."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

"का पण?" हे लहान्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

येताना एसटीत मी बरीच उत्तरं तयार केली होती. कामाचा ताण, गैरसमज, विसरलो. त्यातलं एकही त्या अंगणात तोंडात येईना. निलम माझ्याकडे बघत होती. मला तेव्हासुद्धा तिचा हेवा वाटला. तिच्या बापाने तिच्या बाजूने विचारलेल्या त्या दोन शब्दांचा.

मी म्हटलं, "ती माझ्यापेक्षा चांगली आहे. पहिल्या आठवड्यातच मला ते कळलं होतं. मला ते बघवलं नाही."

निलमने खाली बघितलं. मी सांगितलं की उद्या शेडवर, सगळ्या बायकांसमोर आणि भाईंसमोर, मी हेच पुन्हा बोलणार आहे, तिने यावं किंवा न यावं. ती म्हणाली, "बघते." वही मी खुर्चीवर ठेवली आणि उठलो.

लहान्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. बराच वेळ आम्ही दोघे रिक्षाची वाट बघत उभे होतो. मग ते रस्त्याकडेच बघत म्हणाले, "पोरगी चांगलं काम करते, हे कोणीतरी मोठ्या माणसानं येऊन आमाला सांगावं असं लई वाटायचं, साहेब. तुम्ही आज सांगितलं. पण असं नव्हतं ऐकायचं."

रिक्षा आली. ते तिथेच उभे होते.